पेटंटवर नाव इंजिनिअरचं, मिळकत कंपनीची: कायद्यानं वाटा ठरवून द्यावा का?

फर्मवेअरवाला_पुणे

मनगटावर बांधायच्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत बसून ते चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. या क्षेत्रातल्या बहुतेक नेमणूकपत्रांत एक कलम असतंच: नोकरीत असताना जे काही शोधाल त्याचे सगळे हक्क कंपनीचे. नोकरी हवी असते, म्हणून सगळेच सही करतात.

आमच्या एका सहकारी मुलीनं चालताना-पळताना नाडीच्या सिग्नलमध्ये येणारी गडबड काढून टाकायची पद्धत बसवली. पेटंटच्या अर्जात शोधकर्ती म्हणून तिचं नाव लागलं. तिला मिळालं एक प्रमाणपत्र आणि किरकोळ बक्षीस. कंपनी आज तीच पद्धत इतरांना परवान्यानं वापरायला देते आणि त्यातला एक पैसाही तिच्यापर्यंत येत नाही. आपला 1970 चा पेटंट कायदा कलम 28 नुसार शोधकर्त्याचं नाव नोंदवायची सोय देतो, पण नोकरदार शोधकर्त्याच्या मोबदल्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या 1977 च्या कायद्यातलं कलम 40 सांगतं, की शोधातून मालकाला असाधारण फायदा झाला तर नोकरदाराला न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. प्राध्यापक इयान शँक्स 1982 मध्ये युनिलिव्हरच्या नोकरीत लागले, पगार वर्षाला 18,000 पौंड आणि एक गाडी. त्याच वर्षी त्यांनी घरी बसून रक्तातली साखर मोजणाऱ्या सेन्सरचा पहिला नमुना केला. साहित्य काय, तर पारदर्शक फिल्म, मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या आणि कागदाचे चिमटे. बोटातल्या थेंबावर साखर मोजणाऱ्या पट्ट्यांमध्ये पुढे हे तंत्र सर्रास वापरलं गेलं. युनिलिव्हरला त्यातून सुमारे 2.4 कोटी पौंड मिळाले. ऑक्टोबर 2019 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं शँक्स यांना 20 लाख पौंड द्यायला लावले.

माझं म्हणणं सरळ आहे. असं कलम भारतातही हवं. पुण्या-बंगळुरूत बसून जगभरातल्या घड्याळांचं डोकं आपण लिहितो, तर त्याच्या फळातला हिस्सा मागायला आपल्याला कायद्याचा आधार पाहिजे.

हिशेब_चोख

मी भोसरीत लहानसा हार्डवेअरचा कारखाना चालवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूनं बोलतो.

शँक्स यांचा खटला 2006 मध्ये सुरू झाला आणि 2019 मध्ये संपला. तेरा वर्षं! आणि न्यायालयानं वाटा धरला तो 5 टक्के, त्यावर इतक्या वर्षांत घसरलेल्या पैशाच्या किमतीची भर घातली. तुम्ही सांगता ती वाट एवढ्या लांबची आहे. शिवाय असाधारण फायदा असेल तरच, ही अट त्या कायद्यातच आहे. बहुतेक पेटंटं एक रुपयाही कमावत नाहीत. अर्जाची फी, एजंटची फी, परदेशातले अर्ज, दरवर्षीचं नूतनीकरण, हे सगळं मालक भरतो. दहा प्रयोग फसतात तेव्हा इंजिनिअरचा पगार कापला जात नाही, मग अकरावा जमला की वाटा कसा मागता?

आणि मोजणार कसं? एका घड्याळात सेन्सर, बॅटरी, डिस्प्ले, ब्लूटूथ, पट्ट्याची कडी, प्रत्येकावर वेगवेगळी पेटंटं. विक्रीतला कुठला रुपया कुठल्या पेटंटचा हे ठरवायला वकिलांची फौज लागेल आणि ती माझ्यासारख्याला परवडणार नाही. मोठ्या कंपन्या तरून जातील, मरण आमचं होईल.

भूलतज्ज्ञ_नागपूर

हिशेबराव, तुमची अडचण खरी आहे. पण मला पैशापेक्षा वेगळी गोष्ट खुपते.

ऑपरेशनच्या टेबलावर मी रोज ज्या यंत्राच्या भरवशावर काम करते ते पल्स ऑक्सिमीटर. करोनात प्रत्येकानं विकत घेतलं तेच. त्याचं मूळ ताकुओ आओयागी यांच्या कामात आहे. ते तोक्योच्या निहोन कोहदेन कंपनीत इंजिनिअर होते. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे रक्तात रंगद्रव्य सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजायचा त्यांचा खटाटोप चालला होता आणि नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा हलायचा. तो हलता भाग काढून टाकायचा प्रयत्न करता करता त्यांच्या लक्षात आलं, की हलतंय ते फक्त धमनीतलं रक्त. म्हणजे दोन रंगांच्या प्रकाशात त्या हलत्या भागाचं गुणोत्तर घेतलं तर धमनीतला ऑक्सिजन कळेल, आणि त्वचा, हाड, शिरांमधलं रक्त यांचा हिशेब आपोआप बाजूला पडेल. आज मनगटावरचं घड्याळही याच तत्त्वावर चालतं, फक्त आरपार जाणाऱ्या प्रकाशाऐवजी परतून येणारा प्रकाश वाचतं.

1974 मध्ये कंपनीनं अर्ज केला, तोही फक्त जपानमध्ये. आओयागींची बदली झाली आणि कंपनीनं विषय सोडून दिला. मिनोल्टा या दुसऱ्या जपानी कंपनीनं साधारण महिन्याभरानंतर स्वतःचा अर्ज केला होता आणि परदेशातही अर्ज केले. यंत्र ऑपरेशन थिएटरांत सर्वत्र पोचलं ते 1980 च्या दशकात, अमेरिकी कंपन्यांच्या हातून. आओयागी एप्रिल 2020 मध्ये वारले, सगळं जग ऑक्सिमीटर शोधत होतं तेव्हा.

भूल देताना रुग्णाचा ऑक्सिजन उतरलेला वेळेवर कळला नाही म्हणून त्या मधल्या वर्षांत किती जण गेले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हक्क ज्याच्याकडे होता त्याला वस्तूची किंमत कळली नव्हती आणि ज्याला कळली होती त्याच्याकडे हक्क नव्हता. म्हणून माझी मागणी वाट्याची नाही. कंपनी शोध वापरणार नसेल तर तो शोधणाऱ्याला परत मिळाला पाहिजे.

मुक्तस्रोत

तुम्ही सगळे पेटंट हवंच असं धरून चालला आहात. मला तिथेच हरकत आहे.

फाइल शेअरिंगचा इतिहास बघा. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटोरंट हा फाइल वाटायचा प्रोग्राम लिहिला आणि प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला ठेवला. फाइलचे तुकडे करायचे आणि जो तुकडे देतो त्याला आधी द्यायचं, एवढ्या कल्पनेवर लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्क-फाइली जगभर पोचल्या. ट्विटरनं 2010 मध्ये हजारो सर्व्हरवर नवा कोड पसरवायला तेच वापरलं. कोणाकडे परवाना मागावा लागला नाही.

याउलट बाजू म्हणजे ‘ट्रूनेम्स’ पेटंटं. फाइलच्या मजकुरावरून गणितानं तिचं नाव काढायचं, या कल्पनेवर 1995 मध्ये अर्ज झाला. पुढे त्या पेटंटांच्या जोरावर पर्सनलवेब नावाच्या कंपनीनं कित्येकांना कोर्टात खेचलं. अखेर 2021 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं सांगितलं, की ही अमूर्त कल्पना आहे, तिला पेटंटच मिळू शकत नाही. तोवर किती लोकांचा पैसा आणि उमेद गेली!

आपल्या कायद्याचं कलम 3(के) नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम पेटंटबाहेर ठेवतं. ते जपू या. वाट्याचं आमिष दाखवलंत तर प्रत्येक इंजिनिअर चार ओळींच्या कोडवर पेटंट मागेल.

फर्मवेअरवाला_पुणे

मुक्तस्रोत, तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. जस्टिन फ्रँकेल यांची नलसॉफ्ट ही सॉफ्टवेअर कंपनी एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं 1999 मध्ये विकत घेतली. मार्च 2000 मध्ये फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी न्युटेला हे फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. एओएलनं ते दुसऱ्याच दिवशी काढायला लावलं. 2003 मध्ये ‘वेस्ट’ नावाचं खासगी गटांचं फाइल शेअरिंग त्यांनी मुक्त परवान्यानं सोडलं, तेही कंपनीनं मागे घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. यात पेटंटचा संबंध नव्हता, तरी करारामुळे कंपनीचं चाललं. तुम्हाला आवडणारं मुक्त सॉफ्टवेअरसुद्धा नोकरदाराला मालकाच्या मर्जीशिवाय देता येत नाही. म्हणून सांगतो, कायद्यानं नोकरदाराला काहीतरी जागा द्यायलाच हवी.

मुक्तस्रोत

हा मुद्दा मान्य. घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड माझाच राहिला पाहिजे, यात आपण एक आहोत. पेटंटातल्या वाट्याला मात्र माझा विरोध कायम.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत नोकरदारांच्या शोधांसाठी 1957 पासून स्वतंत्र कायदा आहे. मी त्याच्याखाली काम करतो, म्हणून लिहितो.

शोध लागला की मी कंपनीला लेखी कळवायचं. कंपनीनं चार महिन्यांत तो मोकळा केला नाही तर तो तिचा झाला. एकदा घेतला की मोबदला देणं बंधनकारक. रक्कम माझं पद, शोधात कंपनीची मदत किती आणि उत्पन्न किती यावरून ठरते. आकडे शँक्स यांच्यासारखे डोळे दिपवणारे नसतात. मला मिळाले त्यातून बंगला होणार नाही. पण खटला न लढता मिळाले, आणि वाद झालाच तर पेटंट कार्यालयात समेट करून देणारं मंडळ आहे. हिशेबराव म्हणतात तशी कागदपत्रं भरपूर असतात हे खरं, तरी याच देशात छोटे कारखाने शंभर-शंभर वर्षं टिकून आहेत.

भूलतज्ज्ञ ताईंची मागणीही इथे थोडी पुरी होते. ज्या देशात कंपनीला अर्ज करायचा नसेल तिथला हक्क शोधणाऱ्याला देऊ करावा लागतो. आओयागी जर्मनीत असते तर अमेरिकेतला अर्ज त्यांना स्वतः करता आला असता.

हिशेब_चोख

परत देण्याची कल्पना मला पटते. जे मी वापरत नाही ते अडवून धरण्यात माझा काही फायदा नाही. पण माणसं हक्क आणि माहिती घेऊन फिरू लागली की काय होतं तेही बघा. ऑक्सिमीटर बनवणारी अमेरिकी कंपनी मासिमो आणि ॲपल यांचं भांडण घ्या. मासिमोशी जोडलेल्या सर्काकोरचे तंत्रज्ञान प्रमुख 2014 मध्ये ॲपलमध्ये गेले, काही महिन्यांत बाहेरही पडले. त्यांच्या नावानं ॲपलला पेटंटं मिळाली. 2020 मध्ये खटले सुरू झाले. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं ॲपलविरुद्ध निर्णय दिला आणि जानेवारी 2024 पासून तिथे रक्तातला ऑक्सिजन मोजायची सोय बंद ठेवून घड्याळं विकावी लागली. एवढी मोठी कंपनी अडकते, तर मी प्रतिस्पर्ध्याकडून आलेला माणूस नोकरीवर घ्यायला दहादा विचार करीन. हक्क व्यक्तीला चिकटवलेत तर त्याच व्यक्तीची दारं बंद होतील.

पेटंट_एजंट_मुंबई

हिशेबराव, त्या भांडणात हक्क व्यक्तीकडे नव्हतेच, दोन्हीकडे कंपन्यांकडेच होते. त्यामुळे हा दाखला वाट्याच्या विरोधात वापरता येणार नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आज सही करणाऱ्यांनी करारात ‘नोकरीच्या काळात’ आणि ‘कामाच्या ओघात’ यांतलं काय लिहिलंय ते बघा. पहिल्यात तुमची रात्रही जाते. कॅलिफोर्नियात कामगार संहितेचं कलम 2870 स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांनी केलेल्या आणि मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या शोधाला संरक्षण देतं. आपल्याकडे असं कलम नाही, सगळं करारावर. रुजू होण्याआधीच्या तुमच्या कामांची यादी कराराला जोडा, बऱ्याच कंपन्या मागितलं तर जोडू देतात. आणि स्वतःचा शोध थेट परदेशात नोंदवायला धावू नका. भारतात राहणाऱ्यानं कलम 39 नुसार आधी परवानगी घ्यायची, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं.

भूलतज्ज्ञ_नागपूर

मग एवढ्यापुरतं तरी एकमत करू या का? तीन वर्षांत कंपनीनं शोध ना वापरला, ना परवान्यानं दिला, तर तो शोधणाऱ्याला परत.

हिशेब_चोख

ताई, वैद्यकीय उपकरणाच्या चाचण्या आणि मंजुरीतच तीन वर्षं जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाच करा, मी सही करतो.

फर्मवेअरवाला_पुणे

पाच वर्षांत घड्याळाच्या किती पिढ्या जुन्या होतात! उपकरणाला पाच, सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पद्धतीला दोन. आणि वाट्याची मागणी मी सोडलेली नाही.