रात्रीसुद्धा उकाडा : दूध, फॅट घटलं, रेतनं उलटताहेत (गाई गाभण राहत नाहीत). फॉगर वाढवावेत का?

प्रश्न – गोठा_वही
संकरित गाई, पत्र्याचं छत, बारीक तुषार उडवणारे फॉगर बसवलेले. दुपारी पारा ३२ च्याच आसपास, पण हवा दमट आणि रात्रीही २६ च्या खाली येत नाही. दुधातलं फॅट ३.८ टक्क्यांवरून ३.२ वर आलंय. ३८ अंशांच्या कोरड्या उन्हात एवढी घट होत नाही. त्यात पावसाने खंड दिल्याने चाऱ्याची ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली आहे. ती कापून घालावी का?

उत्तर – दावण
फॉगर वाढवू नका, दमट हवेत बंदच ठेवा. नुसता पारा बघून फसगत होते. तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा टीएचआय, म्हणजे उष्णतेच्या ताणाचा निर्देशांक, काढा: ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो ८४ येतो, ३८ अंश आणि २० टक्क्यांना ८२ च्या आत. जास्त दुधाच्या गाईला ६८ पासूनच ताण सुरू होतो.

फॉगरचं बारीक तुषार केसांवरच थांबतं, कातडीपर्यंत पोचत नाही आणि हवा आणखी दमट होते. त्याऐवजी मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर लावा. एक मिनिट पाठ चिंब भिजवायची, मग चार-पाच मिनिटं नुसता पंखा, पुन्हा पाणी. पाणी ओघळून कासेवर येऊ देऊ नका, दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण मिळतं.

खरी गोम रात्रीत आहे. दिवसभर साठलेली उष्णता गाय रात्री बाहेर टाकते, आणि तापमानवाढीत रात्रीच जास्त झपाट्याने तापत आल्या आहेत. म्हणून सूर्य मावळला की पंखे बंद करण्याची सवय सोडा. पहाटे गाय शांत बसलेली असताना कुशीची हालचाल मोजा. मिनिटाला साठच्या वर श्वास असतील तर ती रात्रभरात निवलेलीच नाही.

उत्तर – रवंथ
फॅट का पडतं ते सांगतो. धापताना कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, तोल सांभाळायला शरीर बायकार्बोनेट लघवीतून टाकतं, शिवाय लाळ गळून वाया जाते. त्यामुळे पोटातलं आम्ल मारायला फारसं काही उरत नाही, आणि आम्ल वाढलं की फॅट पडतं. अशा वेळी खुराक वाढवून दूध भरून काढायला गेलात तर फॅट आणखी पडेल. खाण्याचा सोडा रोज १५० ते २०० ग्रॅम, खुराकात दोन वेळा विभागून द्या. दोनतृतीयांश चारा संध्याकाळनंतर आणि पहाटे घाला. पाणी चोवीस तास समोर हवं, तेही सावलीतलं. तापलेल्या टाकीचं पाणी गाय कमी पिते.

उत्तर – वेत_नोंद
उकाडा सरल्यावरही महिना-दीड महिना रेतनं उलटू शकतात, कारण वाढीला लागलेलं बीजांडच तापाने बिघडतं. माज पहाटे आणि रात्री तपासा. आटवलेल्या गाभण गाईंनाही पंखा द्या. त्यांना वगळलं तर पुढच्या वेताचं दूध घटतं.

उत्तर – कणीस
गुडघ्याएवढी ज्वारी आज कापू नका, कृपा करून. ताणात वाढ खुंटलेल्या ज्वारीत दोन विषं असू शकतात. एक सायनाइड, म्हणजे आपली किराळ. ते कोवळ्या पानांत आणि फुटव्यांत असतं. दुसरं नायट्रेट, बुंध्याकडच्या ताटात, युरिया दिला असेल तर जास्तच. खंडानंतर पाऊस आला की चारा तरारतो आणि माणूस लगेच विळा काढतो, पण तेव्हाच धोका सर्वाधिक असतो. निदान आठवडा थांबा, फुलोऱ्यात आल्यावर कापा आणि खालची वीतभर ताटं शेतात सोडा. उपाशी जनावरापुढे हा चारा एकदम टाकू नका.

वाळवल्याने सायनाइड बरंचसं उडून जातं, नायट्रेट मात्र तसंच राहतं.

गोठा_वही
मग मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, केला तर?

कणीस
मुरघासात दोन्ही कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही. ४५ दिवस उघडू नका, आधी नमुना तपासून घ्या. बाधा झालीच तर डॉक्टरांना रक्ताचा रंग सांगा: किराळीत लालभडक, नायट्रेटमध्ये चॉकलेटी. किराळीवरचं औषध सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या बाधेत दिलं तर बाधा वाढून जनावर दगावू शकतं.