मदत हवी आहे: जुगार सोडल्यावर मेंदू 'पूर्ववत' व्हायला किती दिवस लागतात?

उंबरठा (धागाकर्ता):

धाकटा भाऊ सामन्यांवरच्या पैजा आणि मोबाईलवरचे स्लॉट (फिरत्या चाकांवरची चित्रे जुळवायचा जुगार), दोन्ही खेळायचा. सध्या बंद आहे, समुपदेशन सुरू आहे. तो जे प्रश्न विचारतो त्यांची नीट उत्तरे हवी आहेत. शोधायला गेले की एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी भलतेच सापडते.

१) ९० दिवस खेळले नाही की 'डोपामिन रीसेट' होते, हे खरे का?
२) शेवटी शेवटी जिंकूनही त्याला काही वाटत नव्हते, तरी हात थांबत नव्हता. हे कसे?
३) एरवी बरा असतो, पण पगाराच्या दिवशी आणि मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी अक्षरशः तळमळतो. का? आणि तेव्हा करायचे काय?
४) यावर औषध असते का?

'मन खंबीर कर' हे सगळ्यांनी सांगून झाले आहे. आत काय चालते ते कळले तर तो ऐकेल असे वाटते.

चेतापेशी:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो उलगडला की पहिला आणि तिसरा सोपे होतात.

डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन ही समजूत आधी सोडून द्या. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन-पेशींची नोंद घेतली. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात संदेश पाठवत. रसाआधी दरवेळी खूण मिळते हे माकड शिकले की त्या खुणेलाच प्रतिसाद देत, रस आल्यावर गप्प. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमके तेव्हा त्यांचे नेहमीचे काम मंदावे. म्हणजे या पेशी किती मिळाले ते मोजत नाहीत. अंदाजापेक्षा किती जास्त किंवा कमी मिळाले ते मोजतात. शुल्त्स, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये हे गणिती रूपात मांडले.

आता जुगार. पगार, जेवण, रोजचे काम यांचा अंदाज मेंदूला बसतो आणि संदेश शांत होतो. पैजेचा अंदाज कधीच बसत नाही, कारण निकालच अनिश्चित. त्यामुळे शिकण्याचा संदेश हजाराव्या डावालाही जिवंत राहतो. २००३ मध्ये शुल्त्स यांच्याच गटाने दाखवले की बक्षिसाची शक्यता निम्मी असते, म्हणजे अनिश्चितता सर्वांत जास्त असते, तेव्हा खूण आणि निकाल यांच्या मधल्या काळात काही पेशींची हालचाल चढत जाते. स्लॉटची चाके फिरत असतानाचे सेकंद ते हेच.

रॉबिन्सन आणि बेरिज यांनी १९९३ मध्ये ओढ आणि गोडी वेगळ्या केल्या. एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि मिळाल्यावर आवडणे यांची मेंदूतली जाळी वेगळी आहेत. व्यसनात ओढीचे जाळे अधिकाधिक संवेदनशील होत जाते, गोडी तशीच राहते किंवा कमी होते. तुमच्या भावाने जे सांगितले ते या मांडणीशी तंतोतंत जुळते. त्याला म्हणावे, तू खोटे बोलत नाहीस.

थोडक्यात हुकलेला डाव हाही महत्त्वाचा. ल्यूक क्लार्क यांच्या २००९ च्या अभ्यासात, स्लॉटसारख्या खेळात, असा डाव लोकांना साध्या हरण्यापेक्षा जास्त अप्रिय वाटला. तरीही चित्र त्यांनी स्वतः निवडलेले असले की पुढचा डाव खेळायची इच्छा त्याने वाढली, आणि जिंकल्यावर सक्रिय होणारा मेंदूचा खोल भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, तेव्हाही सक्रिय झाला. सामन्यावरची पैज शेवटच्या मिनिटाला हुकते तेव्हा 'माझा अंदाज जवळजवळ बरोबर होता' असे वाटते. कौशल्याच्या क्षेत्रात असे वाटणे उपयोगाचे असते, माणूस त्यातून शिकतो. जुगारात शिकण्यासारखे काही नसते, पण मेंदू शिकत बसतो.

९० दिवसांचे उत्तर: नाही. काही अमली पदार्थांच्या व्यसनात डोपामिनची विशिष्ट ग्राहके (त्याचा संदेश घेणारे पेशींवरचे रेणू) कमी झालेली स्कॅनमध्ये दिसतात. जुगाराच्या व्यसनात तसे सातत्याने दिसलेले नाही. त्यामुळे टाकी रिकामी झाली आहे, ती हळूहळू भरेल, हे चित्र इथे लागूच पडत नाही. प्रश्न साठ्याचा नाही, शिकण्याचा आहे. आणि शिकलेले पुसले जात नाही, त्याच्यावर नवे शिकणे बसते: 'ही खूण दिसली, पण आता काही होत नाही.' जुने तीन वाटांनी वर येते: नुसता काळ गेल्यावर, जुनी परिस्थिती पुन्हा समोर आल्यावर, आणि एकदाच चाखून पाहिल्यावर. पगाराचा दिवस आणि सामन्याची संध्याकाळ ही दुसरी वाट झाली. एरवी बरे असणे आणि त्या दिवशी तळमळणे यांत विसंगती काहीच नाही.

झोप अपुरी असली किंवा दारू घेतली असली तर कपाळामागचा आवर घालणारा भाग कमकुवत चालतो, म्हणून त्या दिवशी या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

उंबरठा:

खूप आभार. पण मग तो विचारेल, शेवट कधी? काही आकडा आहे का?

चेतापेशी:

निदानाच्या नियमावलीतला आकडा देते, मेंदूचा नाही. डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-नियमावलीने, २०१३ मध्ये हा विकार आवेग-नियंत्रणाच्या गटातून काढून व्यसनांच्या गटात घातला. ९ निकषांपैकी १२ महिन्यांत ४ किंवा जास्त लागू झाले तर निदान होते. ४-५ सौम्य, ६-७ मध्यम, ८-९ तीव्र. सलग ३ महिने एकही निकष लागू नसेल तर सुरुवातीची सुधारणा, १२ महिने किंवा जास्त असेल तर टिकलेली सुधारणा. पहिल्या आठवड्यांतली चिडचिड आणि बेचैनी त्या निकषांतच आहे. ती वाढलेली दिसली म्हणून उपचार फसला असे समजू नये.

गणिती:

मेंदूवाल्यांचे झाले, आता एक हिशेब. स्लॉटवर 'परतावा ९५ टक्के' लिहिलेले असते आणि वाचणारा समजतो की आपले फार तर ५ टक्के जातील. तो ५ टक्के तोटा प्रत्येक वेळी लावलेल्या रकमेवर असतो. १०० एकक घेऊन बसलात आणि हाती येईल ते सगळे पुन्हा लावत गेलात, तर अशा २० फेऱ्यांनंतर सरासरी ३६ उरतात.

हरले की दुप्पट लावायची युक्ती: १ एककापासून सुरू करून सलग ८ वेळा हरलात तर २५५ गेलेले असतात आणि नववी पैज २५६ ची, तीही फक्त १ एकक वर काढण्यासाठी. एक शून्य असलेल्या रूलेटवर (लाल-काळ्या आकड्यांच्या फिरत्या चाकाचा जुगार) लाल-काळ्याच्या पैजेत सलग ८ हार साधारण २०० मध्ये एकदा येते. रोज खेळणाऱ्याला ती भेटणारच. १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटवर काळा सलग २६ वेळा आला, आणि आता लाल येणारच म्हणून लोक पैसे ओतत राहिले. चाकाला मागचे काही आठवत नाही.

हे त्याला तळमळीच्या वेळी समजावू नका, तेव्हा आत शिरत नाही. शांत दिवशी कागदावर त्याच्याच हाताने करून घ्या.

पायरीपायरीने:

तिसऱ्या प्रश्नाचा 'करायचे काय' हा भाग माझ्याकडे. वर शिकण्याबद्दल लिहिले आहे, त्यावरूनच ठरते: खूण आणि पैज यांच्यामध्ये जितका वेळ आणि जितकी अडचण घालता येईल तितकी घालायची. ओढ ओसरते, पण तोवर पैसा हाताशी नसला पाहिजे.

पगार ज्या खात्यात येतो त्या खात्याचे कार्ड आणि मोबाईल बँकिंग त्याच्याजवळ नको. पगार आला की त्याच दिवशी घरभाडे, हप्ते, बिले आपोआप जावीत आणि आठवड्याच्या खर्चापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात यावी. क्रेडिट कार्ड आणि झटपट कर्जाचे अ‍ॅप बंद. बँक जुगाराचे व्यवहार अडवून देत असेल तर ते सुरू करा आणि विचारा, ही अडवणूक काढायला किती वेळ लागतो? लगेच निघत असेल तर तिचा उपयोग थोडा.

खेळाच्या प्रत्येक खात्यावर स्वतःहून बंदी घालून घ्यायची. नुसते अ‍ॅप काढणे म्हणजे बंदी नव्हे. त्यानंतर अडवणारे सॉफ्टवेअर. यात नेहमी तीन ठिकाणी चूक होते: एकाच फोनवर बसवले जाते आणि जुना फोन किंवा टॅब कपाटात राहतो, पासवर्ड खेळणाऱ्याकडेच असतो, आणि 'खास तुमच्यासाठी मोफत पैज' असे संदेश व मेल येत राहतात. शेवटचे फार घातक आहे. तो क्रमांक आणि मेलचा पत्ता बदलावा लागला तरी बदला.

तळमळीच्या वेळी: ओढ बहुधा २० ते ३० मिनिटांत चढून उतरते, तिला खाद्य दिले नाही तर. दर ५ मिनिटांनी ० ते १० मध्ये किती आहे ते लिहायला सांगा आणि शरीरात कुठे जाणवते तेही. 'नको, नको' म्हणत तिच्याशी भांडले की ती वाढते. आणि 'फक्त स्कोअर बघतो, भाव कसा चाललाय ते बघतो' म्हणजे खाद्य देणेच. सामन्याच्या संध्याकाळचा बेत दोन दिवस आधी ठरलेला असावा: कुठे असणार, कोणाबरोबर, फोन कोणाकडे. काही महिने सामना पाहूच नये हे माझे स्पष्ट मत आहे.

घसरण झाली तर? व्यसनातल्या घसरणीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्लाट यांनी नेमके हे दाखवले की एकदा घसरल्यावर 'आता सगळेच बुडाले' हा विचार पुढच्या पडझडीला जास्त कारणीभूत ठरतो. म्हणून पहिल्या २४ तासांत काय करायचे ते आत्ताच लिहून ठेवा: त्याच दिवशी एका ठरलेल्या माणसाला सांगणे, ज्या वाटेने पैसा गेला ती वाट बंद करणे, गेलेले वसूल करायला न जाणे, आणि आधीच्या दोन तासांत काय काय झाले ते लिहून समुपदेशकाला देणे. तुमची प्रतिक्रियाही आधीच ठरवा. ओरडा बसला की पुढची घसरण लपवली जाते.

त्याचे कर्ज तुम्ही एकरकमी फेडू नका. इतरांकडून पैसे घेऊन अडचणीतून सुटणे हा निदानाचाच एक निकष आहे. एकदम मोकळी झालेली पत हीसुद्धा खूण ठरते. हप्ते लावून घ्या आणि ते त्याच्या पगारातून जाऊ देत.

शेवटचे, पण आजच करायचे: या विकारात, विशेषतः कर्ज उघडकीला येते तेव्हा, आत्महत्येचा धोका खरोखर वाढतो. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, घातक वस्तू आणि औषधे दूर करा, त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा.

औषधविचार:

चौथा प्रश्न. जुगाराच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, मंजूर केलेले एकही औषध नाही. त्यातल्या त्यात जास्त अभ्यास नाल्ट्रेक्सोनचा झाला आहे. ते मेंदूतली ओपिऑइड (अफूसारख्या रसायनांची) ग्राहके अडवते आणि त्यातून बक्षिसाच्या मार्गातला डोपामिनचा जोर कमी होतो. ओढ तीव्र असलेल्यांना, दारूच्या व्यसनाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना ते जास्त लागू पडल्याचे दिसले आहे. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी लागते. ओपिऑइड प्रकारचे वेदनाशामक चालू असेल तर ते बंद होऊन ७ ते १० दिवस जावे लागतात, नाहीतर त्रासदायक माघारलक्षणे (सवयीचे औषध अचानक तुटल्यावर होणारा त्रास) उसळतात. मळमळ हा नेहमीचा त्रास. समुपदेशनाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीने द्यायचे औषध आहे. नैराश्य असेल तर त्याचा उपचार हवाच, पण नैराश्यावरच्या गोळ्यांनी जुगाराची ओढ कमी होते याचे पुरावे एकसारखे नाहीत.

एक विचारतो: तो दुसरे काही औषध घेतो का? थकवा, झोप, मूड, पार्किन्सन, पाय वळवळणे, कशाहीसाठी?

उंबरठा:

मूडसाठी अ‍ॅरिपिप्रॅझोल चालू आहे. त्याचा याच्याशी संबंध कसा?

औषधविचार:

संबंध असू शकतो, म्हणूनच विचारले. अ‍ॅरिपिप्रॅझोल डोपामिनच्या ग्राहकांना अंशतः चालना देते. २०१६ मध्ये एफडीएने इशारा दिला की काही जणांत या औषधावर जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन यांची अनावर ओढ निर्माण होते, आणि डोस कमी केल्यावर किंवा औषध थांबवल्यावर ती गेल्याचे आढळले आहे. असे क्वचित घडते. पार्किन्सनच्या डोपामिनसदृश औषधांत, म्हणजे प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोलमध्ये, हे अधिक ठळक आहे: ३०९० रुग्णांच्या एका अभ्यासात ही औषधे घेणाऱ्या १७ टक्के लोकांत असे एखादे अनावर वर्तन दिसले, न घेणाऱ्यांत ७ टक्के.

स्वतःहून गोळी बंद करू नका. मूळ आजार उलटला तर जुगारापेक्षा मोठे संकट उभे राहील. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि एका कागदावर तीन रकाने करून न्या: औषध कधी सुरू झाले, डोस कधी किती वाढला, आणि बँकेच्या विवरणावरून दर महिन्याला जुगारात किती गेले. जुगार गोळीच्या बराच आधीपासून असेल तर तेही त्या कागदावर स्पष्ट दिसेल.

उंबरठा:

विवरण आहे, समुपदेशकाने मागितले होते. त्याच्याबरोबर बसूनच रकाने भरतो, गुपचूप नाही. डॉक्टरांनी काय सांगितले ते इथे लिहीन.