‘आय रिलीफ’ला मराठीत काय म्हणावे?

रानपिंगळा : नमस्कार. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणींची एक माहितीपुस्तिका मी सध्या मराठीत करतो आहे. तिच्या तक्त्यात ‘आय रिलीफ’ असा एक रकाना असून त्याखाली ९० मिलिमीटर हा आकडा आहे. मी ‘नेत्रांतर’ लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘डोळ्यांना आराम : ९० मिमी’ असे केले. मला हे पटलेले नाही. नेत्रिकेच्या, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भागाच्या, शेवटच्या भिंगापासून ज्या अंतरावर डोळा ठेवला असता संपूर्ण दृश्य कडेपर्यंत दिसते, ते हे अंतर. ‘आराम’ वाचून ग्राहकाला वाटेल की काच डोळ्यांना सुखावह आहे, आणि आकडा मिलिमीटरमध्ये का दिला आहे हे त्याला कळणारच नाही. आपण काय सुचवाल?

सुभेदार : तुमची हरकत योग्य आहे. माझ्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण आहे, तो या शब्दाचा अर्थ वेळेवर न कळल्यामुळेच. दुर्बीण लावलेली रायफल प्रथमच हाती आली तेव्हा मी दृश्य मोठे दिसावे म्हणून डोळा काचेजवळ नेला. गोळी सुटताच रायफल मागे आली आणि नेत्रिकेची कड भुवईत रुतली. पक्षी पाहायच्या दुर्बिणीत हे अंतर साधारण १० ते २० मिलिमीटर असते, पण रायफलीच्या दुर्बिणीत ते तीन ते चार इंच ठेवतात, ते या धक्क्यासाठीच. हात लांब करून धरायच्या पिस्तुलाच्या दुर्बिणीत ते फूट-दीड फुटापर्यंत जाते. विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे पालथे पडून नेम धरताना मान नकळत पुढे सरकते. म्हणून दुर्बीण सर्वांत जास्त वर्धनावर ठेवून, डोळे मिटून, गाल नेहमीसारखा दस्त्याला टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. कडेला काळे वलय दिसले तर दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या सैल करून ती पुढेमागे सरकवावी. मान सरकवू नये. आम्ही सगळे ‘आय रिलीफ’च म्हणत होतो, पण नव्या मुलाला समजावताना मी ‘डोळ्याचे अंतर’ म्हणत असे, आणि त्याला ते लगेच कळे.

शब्दवेल : ‘डोळ्याचे अंतर’ हे स्पष्टीकरण झाले, संज्ञा नव्हे. माझा शब्द ‘नेत्रावकाश’. ‘रिलीफ’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुन्हा उचलणे, हलके करणे’ असा आहे. शिल्पातला ‘उठाव’ही तिथूनच येतो. मराठीतला ‘अवकाश’ मोकळी जागा सांगतो, आणि ‘अजून अवकाश आहे’ म्हणताना सवडही सांगतो. जागा आणि सुटका या दोन्ही छटा एका शब्दात येत असताना परका शब्द का घ्यायचा? शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला तेव्हा त्यात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग होता. शस्त्रांचे शब्द आपल्या भाषेत असावेत, ही गरज तेव्हाही कोणाला तरी जाणवली होती.

चष्मेवाली : ‘नेत्रांतर’ला माझा ठाम विरोध आहे. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधले अंतर असाच त्याचा अर्थ कोणीही लावील, आणि दोन नळ्यांच्या दुर्बिणीत ते अंतर वेगळे जुळवावे लागते. ‘आराम’ मात्र मला तितका चुकीचा वाटत नाही. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला गेले तेव्हा माझ्या दुर्बिणीचे आय रिलीफ इतके कमी होते की चष्म्यामुळे डोळा जवळ नेता येईना, आणि दृश्याचा फक्त मधला भाग दिसत होता. निम्मा थवा मी पाहिलाच नाही. नंतर १७ मिलिमीटर आय रिलीफची दुर्बीण घेतली, रबरी कडा दुमडली आणि पहिल्यांदा सगळे पाणी एका नजरेत दिसले. चष्मा लावणाऱ्यांना साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त लागते. माझ्या दृष्टीने ती सुटकाच होती.

जुनीनोंद : शब्दवेल यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. ‘दुर्बीण’ फारसीतून आली, ‘बंदूक’ही बाहेरूनच आली. ज्या ‘शिस्ती’चा आपण शाळेत आग्रह धरतो, तीही फारसीच, जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. नेम धरायला देह स्थिर हवा, श्वास आवरता हवा, म्हणून त्या शब्दाला आजचा अर्थ आला असावा, असे मला वाटते. एवढे शब्द घरचे झाले, मग ‘आय रिलीफ’ तेवढा उंबऱ्याबाहेर का? दुकानात जाऊन ‘नेत्रावकाश किती?’ असे विचारणारा गिऱ्हाईक मला दाखवा.

शब्दवेल : ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही एके काळी कोणी बोलत नव्हते. शब्द आधी छापावा लागतो, मग तो कानावर पडतो. ‘शिस्त’ घरची झाली कारण तिला मराठी प्रत्यय लागले, ‘शिस्तीने’, ‘शिस्तशीर’. ‘आय रिलीफ’चे असे काय रूप होणार?

सुभेदार : ‘आय रिलीफला’, ‘आय रिलीफमध्ये’ अशी रूपे रोज होतात. कोल्हापूरच्या मुलांना मात्र या वादात ओढू नये. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते दोघेही ५० मीटर रायफलीचे नेमबाज. त्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालत नाही, बारीक छिद्रातून नेम धरतात. डोळा त्या छिद्रापासून दर वेळी तितक्याच अंतरावर यावा लागतो हे खरे, पण हा शब्द तिथे चालत नाही.

रानपिंगळा : सर्वांचे आभार. माझ्यापुढची अडचण आता वाढली आहे. शेजारच्या रकान्यात ‘एक्झिट प्यूपिल’ आहे, म्हणजे नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे असेल तर चौपट वर्धनावर ती १० मिलिमीटर भरते आणि दहापटीवर फक्त ४. आय रिलीफ डोळा किती मागे ठेवायचा ते सांगते, आणि हा दुसरा आकडा डोळा बाजूला किती ढळला तर चालेल ते सांगतो. दोन्ही शब्द जोडीने शोभले पाहिजेत. ‘नेत्रावकाश’ घेतला तर दुसरा ‘निर्गमबिंब’ होईल. ‘डोळ्याचे अंतर’ घेतले तर दुसऱ्याला काय म्हणायचे?

चष्मेवाली : ‘अंतर’ घेणार असाल तर ते कशापासून, हेही लिहा. छापलेला आकडा बहुधा भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेला असतो, आणि भिंग कडेच्या आत खोल बसवलेले असेल तर तेवढे अंतर हाती येतच नाही.

जुनीनोंद : ‘शिस्त’ नेमाच्या अर्थाने आपल्यापैकी कोणी घरात किंवा गावात प्रत्यक्ष ऐकली आहे का? आमच्याकडे गलोल मारताना आजोबा ‘शिस्त धर’ म्हणत, आणि ते नीट उभे राहायला सांगत आहेत असेच मला कित्येक वर्षे वाटत होते.