मदत हवी आहे: पार्ट्स वर्क नेमकं कुठे थांबवायचं?

नमस्कार मंडळी. मी दादरला समुपदेशक आहे. रिचर्ड श्वार्ट्झ यांनी 1980च्या दशकात मांडलेल्या आयएफएस (इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स) पद्धतीतलं थोडं पार्ट्स वर्क, म्हणजे मनातल्या वेगवेगळ्या भागांशी बोलण्याचं काम, मी सेशनमध्ये करते. "एक मन म्हणतं नोकरी सोड, दुसरं म्हणतं घराचे हप्ते कोण भरणार," असं क्लायंट स्वतःच बोलतात, त्यामुळे सुरुवात सोपी जाते.

अडचण पुढे येते. एका क्लायंटच्या बाबतीत (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) आतल्या दुखावलेल्या लहान भागाचा विषय निघाला की नजर एका जागी खिळते, हात गार पडतात, माझा आवाज पोचतच नाही. मी तिथेच थांबते. पाय जमिनीवर टेकवायला, खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला सांगते. दुखऱ्या भागाला जपणाऱ्या संरक्षक भागांच्या परवानगीशिवाय एक्झाइलकडे, म्हणजे त्या दुखावलेल्या भागाकडे, जायचं नाही हा नियम पाळतेच, पण परवानगी मिळाल्यावरही हे होतं.

मला हे डिसोसिएशन (ताण असह्य झाला की मनाचं आजूबाजूपासून तुटणं) वाटतं, आणि आधी स्थिरता, मग ट्रॉमा हाच क्रम मला पटतो. तरी अनुभवी लोकांना विचारते: अशा वेळी तुम्ही पार्ट्स वर्क पूर्ण बंद ठेवता, की मॅनेजर भागांशी (रोजचं आयुष्य सांभाळणाऱ्या संरक्षक भागांशी) बोलणं चालू ठेवता? सायकिअ‍ॅट्रिस्टकडे कधी पाठवता? सेशननंतर लगेच गर्दीची लोकल पकडायची असते, तर सावरायला शेवटी किती वेळ राखता?

मुंबईत डिसोसिएशनची चांगली जाण असलेलं सुपरव्हिजन (समुपदेशकाला अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन), शक्यतो मराठीतून, कुणी देत असेल तर कृपया कळवा. फी किती तेही सांगा.