मदत हवी आहे: खाडीवर पक्षी बघायला दुर्बीण कुठली घ्यावी? सगळे रिव्ह्यू शिकाऱ्यांचेच सापडतायत

चष्मिष

राहायला ऐरोली. हिवाळ्याच्या आत पहिली दुर्बीण घ्यायची आहे. बजेट २० हजार, फार ताणलं तर २५. वापर: ठाणे खाडीत बोटीतून आणि काठावरून रोहित (फ्लेमिंगो), तुतवार (चिखलावर चरणारे छोटे पक्षी) वगैरे, महिन्यातून एखादा रविवार येऊर नाहीतर कर्नाळ्याच्या जंगलात. चष्मा कायमचा, दोन्ही डोळ्यांना -४.५ आणि थोडा सिलिंडर (तिरपा नंबर).

आठवडाभर व्हिडिओ बघितले. जवळजवळ सगळे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे. कोणी म्हणतं ८×५६च घ्या, कोणी १०×४२ला पर्याय नाही म्हणतं, कोणी ट्वायलाइट फॅक्टर मोजतं, कोणी रेंजफाइंडरवाली (अंतर मोजणारी) दाखवतं. एकाने तर रायफल स्कोपच पक्षी बघायला चालतो असं सांगितलंय.

१. यातलं आपल्याकडे लागू काय?
२. ८×४२ की १०×४२?
३. दुकानात नेमकं काय तपासायचं?
४. मित्राच्या दुर्बिणीत दोन पावसाळ्यांत बुरशी झाली. ती कशी टाळायची?

भिंगवाला

चांगला प्रश्न. शिकाऱ्यांचे रिव्ह्यू टाकाऊ नसतात. काचेबद्दल ही मंडळी काटेकोर असतात, फक्त त्यांची गरज वेगळी. पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीच्या कडेला स्थिर उभं असलेलं तपकिरी जनावर शोधायचं, तेही थंड कोरड्या हवेत. तुम्हाला नऊ वाजताच्या उन्हात, हलत्या बोटीतून, खाऱ्या दमट हवेत उडता पक्षी धरायचा आहे.

८×५६ चं गणित बघा. पहिला आकडा वर्धन, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिमी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ पर्यंत उघडते, तिथे हे कामाचं. खाडीवर सकाळी बाहुली दोन-तीन मिमीची, म्हणजे बाकीचा प्रकाश बुबुळावर पडून वाया. वर वजन किलोच्या पुढे. ८×४२ मध्ये ठिपका ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२. दोन्ही दिवसाला पुरून उरतात.

ट्वायलाइट फॅक्टर म्हणजे वर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ८×४२ चा १८.३, १०×४२ चा २०.५. या सूत्रात काचेचा दर्जा कुठेच येत नाही, त्यामुळे फुटपाथवरच्या लाल काचेच्या दुर्बिणीलाही तोच आकडा मिळतो. सोडून द्या.

रायफल स्कोप अजिबात नको. एक डोळा, मध्ये फुली, अरुंद दृश्य, आणि डोळा नऊ-दहा सेंटीमीटर मागे धरायचा, कारण तो बंदुकीच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपवली. खाडीकाठी असली वस्तू डोळ्याला लावून उभे राहिलात तर पक्षी राहतील बाजूला, वनरक्षकाला उत्तरं देत बसाल.

त्यांच्याकडून दोन गोष्टी मात्र जरूर उचला. पहिली, छातीवरचा हार्नेस. गळ्यातल्या बारीक पट्ट्यावर ७०० ग्रॅम दोन तास लटकले की मान धरते. हार्नेसमध्ये वजन खांद्यांवर जातं आणि बोटीत चढताना दुर्बीण कठड्यावर आपटत नाही. दुसरी, १०× दुर्बीण ट्रायपॉडवर लावणं. पुढच्या बिजागरीवरची टोपी काढली की बहुतेक दुर्बिणींत पाव इंची आट्या असतात. तिथे एल आकाराचा अडॅप्टर बसतो.

तिवर

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: ८×४२, डोळे झाकून. हाताचा थरथराट वर्धनाइतकाच मोठा होतो. बोटीत इंजिनाची थरथर आणि लाटेचा झोल त्यात भर घालतात, म्हणून १०× ने जास्त तपशील दिसण्याऐवजी कमी दिसतो. शिवाय दृश्याची रुंदी. बॉक्सवर अंशात दिलेली असेल तर एका अंशाला हजार मीटरवर साडेसतरा मीटर धरा. ७.२ अंश म्हणजे १२६ मीटर. येऊरच्या झाडीत फांद्यांमधून उडणारा पक्षी पकडायला ही रुंदीच लागते.

१०× कोणी घ्यावी? जो काठावर एका जागी बसून चिखलावरचे तुतवार ओळखत बसणार आहे त्याने.

चष्मिष

धन्यवाद! चष्म्याचं काय? एका दुकानदाराने सांगितलं की चष्मा काढून फोकस केला की झालं.

भिंगवाला

अर्धसत्य. नुसता मायनस नंबर फोकसच्या चाकाने भरून निघतो, पण तुमचा सिलिंडर निघत नाही. आणि पक्षी उडाला, नुसत्या डोळ्याने दिशा बघायची, की चष्मा शोधा. तुम्ही चष्मा लावूनच बघा.

त्यासाठी आय रिलीफ बघायचा. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण गोल दिसतो, ते अंतर. चष्मेवाल्याला किमान १५ मिमी, १७-१८ असेल तर सुख. आयकप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कड, पूर्ण खाली फिरवून किंवा दुमडून बघायचं. गोलाच्या कडा काळ्या, नळीतून बघितल्यासारखं वाटलं, तर आकडा काहीही छापलेला असो, ती दुर्बीण तुमची नाही.

उदाहरण देतो. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११ ८×४२ स्वस्त, पॉरो प्रिझमची (जुन्या धाटणीची, नळ्या मध्ये वळलेल्या), दृश्य ८ अंश रुंद, दिसतं छान. पण आय रिलीफ १२ मिमी आणि जलरोधक नाही. चष्मेवाल्याला नाही, खाडीलाही नाही. त्याच कंपनीची प्रोस्टाफ पी३ ८×४२ जलरोधक आहे, चष्म्याला चालते, वजन ५६५ ग्रॅम. मोनार्क एम५ ८×४२ मध्ये ईडी काच (रंगीत किनार कमी करणारी), १९.५ मिमी आय रिलीफ, दृश्य ६.४ अंश म्हणजे जरा अरुंद. ती तुमच्या ताणलेल्या बजेटच्याही वर जाऊ शकते, आजचा भाव विचारून घ्या.

खाडीकाठ

तिसरा प्रश्न माझा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, दारात उजेडात या. फोर्टमधले कॅमेऱ्याचे दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

आधी दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगांत आकाशाचा उजेड बघा. पांढरे ठिपके पूर्ण गोल हवेत. चौकोनी दिसले, कडेला करड्या सावल्या असल्या, तर प्रिझम बीके-७ या हलक्या दर्जाच्या काचेचा आहे. बीएके-४ मध्ये गोल येतात.

मग दोन्ही नळ्या जुळलेल्या आहेत का. समोरच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून पाच-सात सेंटीमीटर मागे न्या. कड एका रेषेत राहिली तर ठीक. एका डोळ्यात पायरीसारखी वर-खाली झाली तर जुळणी बिघडलेली. नुसती डोळ्याला लावून ही खोड खरेदीच्या वेळी कळत नाही, कारण मेंदू दोन चित्रं ओढून जुळवून घेतो. अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं आणि माणूस चष्म्याच्या नंबरला दोष देतो.

तिसरं, विजेची काळी तार पांढऱ्या आकाशावर धरा. मधोमध जांभळी-हिरवी किनार दिसली तर काच साधी. कडेला थोडी दिसली तर या किमतीत चालवून घ्या. रोहितांच्या बाबतीत हे महत्त्वाचं, कारण छोट्या रोहिताची चोच गडद, लांबून काळीच वाटते, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं. चमकत्या पाण्यावर जांभळी किनार आली की हा फरक पुसला जातो.

शेवटी मोबाइलचा टॉर्च पुढच्या भिंगातून मारून मागून आत बघा. एखादा धूलिकण चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, वस्तू परत ठेवा. फोकसचं चाक उलटसुलट फिरवताना मध्ये रिकामी चाल असेल तर तीही नको.

बॉक्सवर 'फुली मल्टिकोटेड' असंच लिहिलेलं हवं. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावर लेप. रूफ प्रिझम (सरळ नळ्यांची दुर्बीण) असेल तर फेज कोटिंग आहे का तेही विचारा. ते नसेल तर बारीक पिसांची नक्षी धुरकट दिसते. भिंग आरशासारखं लालभडक असेल, किंवा '३०×६०' छापलेलं असून दुर्बीण तळहातात मावत असेल, तर हात जोडून पुढे चला.

तिवर

घरी आणल्यावरची एक गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो. उजव्या डोळ्याकडची डायॉप्टरची रिंग आधी लावा. उजवं पुढचं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने दूरची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका, चाकाला हात न लावता फक्त रिंग फिरवून उजव्या डोळ्याने तीच पाटी स्पष्ट करा. खूण लक्षात ठेवा. 'दुर्बीण धूसर आहे' म्हणून परत जाणाऱ्या कितीतरी दुर्बिणी निव्वळ या रिंगेपायी परत जातात.

येऊरकर

बुरशीबद्दल. 'आत नायट्रोजन भरलाय, मग कशाला काळजी' हा गैरसमज आहे. नायट्रोजन आतलं धुकं थांबवतो. बाहेरच्या काचेवर बोटाचं तेल, घाम, धूळ असते आणि बुरशीला तेवढं जेवण पुरतं. ती काचेवरचा लेप खाते, पुसली तरी डाग राहतो.

ठाण्यात जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेली दुर्बीण जाणारच. सोबत येणारं कापडी किंवा चामडी कव्हर ओल धरून ठेवतं, त्यामुळे दुर्बीण कव्हरमध्ये ठेवूच नका. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, साधारण दहा लिटरचा. तळाला २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत, आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर बुरशीला चालना मिळते. ३० च्या खाली नेण्याचाही अट्टहास नको, रबर आणि ग्रीस सुकतं.

दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचा ओव्हन किंवा कढई वापरू नका. घरात ओव्हन एकच असेल तर सरळ नवे दाणे आणा. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

आणि खारं पाणी. बोटीतून आल्यावर भिंगावर वाळलेले ठिपके दिसतात, ते मिठाचे खडे असतात. टी-शर्टने पुसलंत की ओरखडे पडलेच. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, मध्यापासून कडेकडे, न दाबता. तोंडाची वाफ धूळ काढून झाल्यावर. बाहेरचं रबर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, बिजागरीतलं मीठही काढा.

चष्मिष

एवढं कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. आणखी एक: सोसायटीतले चौघं मिळून पुढे स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) घ्यायचं म्हणतायत. २०-६०×८० चांगला का?

खाडीकाठ

बोटीसाठी शून्य उपयोग, काठासाठी उत्तम. पण ६०× च्या मोहात पडू नका. ६०× ला ८० मिमीचा ठिपका उरतो जेमतेम १.३ मिमी, चित्र काळवंडतं. त्याहून मोठा शत्रू म्हणजे चिखल. ऊन चढलं की तापलेल्या चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलते आणि कितीही महाग काच असो, पक्षी पाण्याखाली असल्यासारखे लहरतात. दहानंतर २५-३० च्या वर जाऊन हाती काही लागत नाही.

चौघांची उंची वेगळी, म्हणून ४५ अंशात वळलेल्या नेत्रभिंगाचा घ्या. ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, सगळे वाकून बघू शकतात, वाऱ्यात हलत नाही. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही. पैसे वाचवायचे तर स्कोपमध्ये वाचवा, ट्रायपॉडमध्ये नको. ट्रायपॉडचं डोकं फ्लुइड हेडचं (व्हिडिओसारखं संथ फिरणारं) घ्या, फोटोचं बॉल हेड स्कोपच्या वजनाने ढळतं.

स्कोपचा खरा उपयोग अभ्यासकांनी पक्ष्यांच्या पायात घातलेल्या कड्या वाचायला. रंग, अक्षरं, पक्ष्याचा स्वतःचा डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, हे चारही जागच्या जागी लिहा. यातलं एक चुकलं तरी नोंद निरुपयोगी.

तिवर

दुर्बीण येईपर्यंत वेळेचा हिशोब शिकून घ्या. कोळ्यांचं जुनं गणित: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. आत ठाण्याकडे पाणी चढायला आणखी थोडा वेळ धरा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. ओहोटीला पक्षी चिखलावर लांबवर पांगतात. भरती चढली की जागा सोडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात, तेव्हा ८× ने जवळून दिसतात. तृतीयेच्या आसपास भरती सव्वादोनला म्हणजे ओहोटी आठला: चिखलावरचे तुतवार बघायचे तर ही सकाळ. अमावास्या-पौर्णिमेला पाणी दुपारी बाराच्या सुमारास भरतं, सीवूड्सला तासभर आधी पोचा.

ऐरोलीच्या काठावरून तुम्ही पश्चिमेकडे बघता, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी. भांडुपच्या बाजूने उलटं, तिथे दुपारनंतर. सूर्य समोर असेल तर लाखाच्या दुर्बिणीतही सगळे रोहित काळे.

चष्मिष

प्रोस्टाफ पी३ आणि मोनार्क एम५ दोन्ही शनिवारी सकाळी दारात उभं राहून, चष्मा लावून बघतो. डबा आणि जेल आजच मागवलं. गच्चीची कड आणि विजेची तार दुकानासमोर मिळेलच.

भिंगवाला

दोन्हींत तोच पक्षी, तोच उजेड, लागोपाठ बघा. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात.