मदत हवी आहे: वडिलांची डिसेबिलिटी पेन्शन नाकारली, दुसरे अपील करावे की थेट ट्रिब्युनल?

नमस्कार मंडळी,

घरात कुणी माजी सैनिक असतील किंवा कुणी अशी केस लढवली असेल, तर कृपया मार्गदर्शन करा.

बाबा तोफखान्यात होते. 2012 साली मुदत पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. फोन आला की डाव्या कानाला लावून स्पीकर सुरू करतात, तरी अर्धे बोलणे आईला पुन्हा मोठ्याने सांगावे लागते. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने 20 टक्के अपंगत्व लिहिले, तेही कायमचे. पण त्याच कागदावर शेरा आहे की ते सेवेमुळे झालेले नाही आणि सेवेने वाढलेलेही नाही. कारण काहीच दिलेले नाही. या शेऱ्यावर क्लेम नामंजूर झाला, पुढे पहिले अपीलही फेटाळले. भरतीच्या मेडिकलमध्ये बाबांचे कान ठणठणीत होते. इतकी वर्षे तोफेशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला असे उत्तर मिळावे, याचा मला फार राग येतो.

धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतूनच आला असे धरायचे. ते सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही. 2014 च्या राम अवतार निकालाने मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही राउंडिंगचा लाभ मिळाला, म्हणजे 20 चे 50 टक्के धरले जातात. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के हा दर, त्या हिशेबाने बाबांना पगाराच्या 15 टक्के मिळायला हवेत. या पेन्शनचे 2023 चे नवे नियम त्यानंतर निवृत्त झालेल्यांसाठी आहेत, म्हणून ते मी धरले नाहीत.

आता दुसऱ्या अपिलात वेळ घालवावा, की सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज करावा? इतक्या वर्षांचा उशीर माफ होतो का? तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी मागच्या तीनच वर्षांची मिळते असे वाचले, कुणाला त्याहून जास्त मिळाली आहे का? बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत माहिती अधिकारात मागवायची, तर अर्ज रेकॉर्ड ऑफिसलाच (जिथे सैनिकांच्या सेवेचे कागद असतात) करायचा ना? आणि कानांच्याच केसमध्ये कुणाच्या बाजूने निकाल लागला असेल, तर त्याचे वर्ष आणि खंडपीठ तेवढे कळवा, वकिलांना दाखवता येईल.