सहा वर्षांच्या मुलीचे पहिले संगीत नाटक : सौभद्र की बालनाट्य?

दुधनाकाठ (सेलू)

माझी मुलगी या दिवाळीत सहा वर्षांची होईल. रंगमंचावरचे नाटक तिने अजून पाहिलेले नाही. पुढच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका रविवारी ‘संगीत सौभद्र’ आहे आणि त्याच्या पुढच्या रविवारी चेटकीण, राजकन्या आणि भरपूर गाणी असलेले एक बालनाट्य आहे. सेलूहून जायचे म्हणजे दिवस मोडतो, रात्री बहिणीकडे मुक्काम करावा लागतो आणि सोमवारची शाळा बुडते. त्यामुळे दोहोंपैकी एकच निवडणे भाग आहे. पत्नीचा कल बालनाट्याकडे आहे, माझा सौभद्राकडे. मला स्वतःला पाहायचे आहे एवढ्यासाठीच मी हे म्हणत नाही, अशी निदान माझी समजूत आहे.

संगीत नाटक लहान मुलांना कळत नाही, हे विधान सरसकट केले जाते, पण सगळी संगीत नाटके एका जातीची नाहीत. ‘मानापमान’ (१९११) मधील गोविंदराव टेंबे यांच्या चाली किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील गायकी ऐकायला रागविस्ताराची गोडी आधी लागलेली असावी लागते, म्हणून ती नाटके मी तिला दाखवणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ मध्ये सौभद्र रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांच्यासमोर कीर्तनातली साकी, दिंडी ही साधी गेय वृत्ते आणि लोकांच्या तोंडी असलेल्या चाली होत्या. आमच्या गल्लीत दरवर्षी सप्ताह बसतो आणि माझी मुलगी आजीच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकते, टाळही धरते. हा कान तिच्याजवळ आधीच आहे.

दुसरे कारण कथेचे आहे. अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येतो. भोळा बलराम त्या यतीला भक्तिभावाने घरी ठेवून घेतो आणि ज्या सुभद्रेचे लग्न त्याने दुर्योधनाशी ठरवले आहे, तिलाच त्याच्या सेवेला लावतो. कृष्णाला सगळे ठाऊक आहे आणि प्रेक्षकांनाही ठाऊक आहे. मोठ्यांना न कळलेले गुपित आपल्याला कळले आहे, यापेक्षा मोठा आनंद सहा वर्षांच्या लेकराला कोणता असू शकतो?

बिंदुसरा (बीड)

आपली कारणे वाचायला गोड आहेत, पण ती मुलीपेक्षा आपल्या आठवणींतून आलेली दिसतात. मूळ सौभद्र पाच अंकांचे आहे आणि त्यात शंभरावर पदे आहेत. आजचे प्रयोग कितीही काटछाट केलेले असले तरी ते तीन तासांच्या आसपास जातात. शिवाय आपण म्हणता ती साकी-दिंडी संहितेत आहे, प्रयोगात ती तशी ऐकू येईलच असे नाही. आजचे गायकनट त्याच पदांना आलाप आणि ताना जोडतात, चार ओळींचे पद सात-आठ मिनिटे चालते आणि वर रसिकांचा ‘वन्समोअर’ येतो. तेवढा वेळ कथा जागच्या जागी थांबलेली असते. मोठ्या माणसाला त्या थांबण्यातच रस असतो. मुलाला ‘पुढे काय झाले’ यात असतो.

भाषेचेही पाहा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची, संस्कृत वळणाची ती मराठी आहे. आपली मुलगी गुपिताचा आनंद घेईल हे खरे, पण त्यासाठी गुपित आधी कळायला हवे आणि ते तिला कानात सांगत बसणार कोण? आपण सांगत राहाल आणि पुढच्या रांगेतील माणूस तीन वेळा मागे वळून पाहील. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ आणि रत्नाकर मतकरी यांनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ ही संस्था उभी केली, ती मोठ्यांच्या नाटकातून मुलांसाठी काही उरत नव्हते म्हणूनच. चिंची चेटकीण रंगमंचावर आली की सगळे सभागृह ओरडते आणि ओरडायची तिथे मुभा असते. मी माझ्या मुलाला ‘अलबत्या गलबत्या’ दाखवले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मध्यंतरात त्याने पाणीसुद्धा मागितले नाही.

लातूरची आत्या

बिंदुसरा यांच्याशी अर्धी सहमत आहे. ‘अलबत्या गलबत्या’ सारखे नाटक बांधलेले असते, लिहिलेले असते. परंतु आमच्याकडे तालुक्याच्या गावी ‘बालनाट्य’ या नावाखाली जे येते त्याचा दर्जा एकसारखा नसतो, हे आपण सोडून दिले आहे. मागे मी भाचीला अशाच एका प्रयोगाला घेऊन गेले. गाणी आधीच मुद्रित केलेली, नट नुसते ओठ हलवणारे, मुखवट्यातली अस्वले आणि ध्वनिवर्धक इतका मोठा की भाचीने पहिल्या गाण्यापासून कानांवर हात ठेवले ते शेवटपर्यंत काढले नाहीत. त्याला संगीत नाटक म्हणायचे असेल तर लग्नाच्या वरातीलाही म्हणता येईल. म्हणून सेलूच्या दादांनी आधी एवढे विचारावे की त्या बालनाट्यात नट स्वतः गातात का आणि वाद्ये प्रत्यक्ष वाजतात का. नाही असे उत्तर आले तर वाद तिथेच संपतो.

माझी एक नातलग लंडनला असते. तिच्या मुलाला ‘द लायन किंग’ दाखवण्यापूर्वी तिने तिकीट काढताना पाहिले की सहा वर्षे व त्यापुढील मुलांसाठी ते योग्य आहे आणि तीन वर्षांखालील मुलांना प्रवेशच नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. ते नाटक न्यूयॉर्कला १९९७ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच प्रवेशात प्राणी प्रेक्षकांमधल्या वाटेने चालत रंगमंचावर जातात. तिचा मुलगा त्या हत्तीविषयीच सहा महिने बोलत होता, गोष्टीविषयी नाही. आपल्याकडच्या नाटकाच्या जाहिरातीत वयाची ओळ मला कधी दिसलेली नाही आणि त्यामुळे प्रत्येक आईबापाला हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो.

नांदेडकर

हा सगळा वाद पडदा, ऑर्गन आणि क्रमांक टाकलेल्या खुर्च्या गृहीत धरून चालला आहे. मराठवाड्यात राहून आपण पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडे विसरावीत, याचे मला आश्चर्य वाटते. भारूड हेही गाऊन आणि सोंग घेऊन केलेले नाटकच आहे. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे (ते २०२१ मध्ये गेले) ‘बुरगुंडा’ सादर करत तेव्हा समोरच्या सतरंजीवर मुलेच पुढे बसलेली असत. परभणीच्या राजारामबापू कदमांच्या गोंधळाने संबळ काय करू शकते ते महाराष्ट्राला दाखवले. तिथे लेकरू उठले, नाचले, झोपले तरी कोणाचा रसभंग होत नाही. पैसा खर्च होत नाही, शाळा बुडत नाही. मुलीला पहिला अनुभव इथे द्यावा आणि सौभद्र दहाव्या वर्षी दाखवावे.

जाता जाता आणखी एक सुचवतो. अभंगाचा कान असेल तर ‘कान्होपात्रा’ (१९३१) हे सौभद्रापेक्षा जवळचे पडेल. त्याचे संगीत मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे आहे. सेलूहून जाताना वाटेत जालना लागते आणि तिथल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे.

लातूरची आत्या

नांदेडकर, ‘कान्होपात्रा’ पुन्हा एकदा आठवून पाहा. बिदरचा बादशहा तिला बळाने मागवतो आणि ती विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते. बिदर आमच्या लातूरकरांना परके नाही, पण ती गणिकेची मुलगी म्हणजे कोण आणि बादशहाला ती कशासाठी हवी होती, हे सहा वर्षांच्या मुलीला मध्यंतरात समजावून सांगण्याची जबाबदारी मी तरी घेणार नाही. चाली ओळखीच्या आहेत म्हणून नाटक मुलांचे होत नाही. भारुडाचेही तसेच आहे. ‘बुरगुंडा’ मधला श्लेष मोठ्यांसाठी आहे, हे आपणही जाणता.

पडद्यामागून (छत्रपती संभाजीनगर)

मी हौशी आहे. बरीच वर्षे प्रकाशयोजनेला हातभार लावत आलो आहे आणि शहरातील संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर या दोन्ही ठिकाणी पडद्याच्या आतून मुलांच्या रडण्याचे आवाज ऐकले आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे मूल रडते ते नाटक कळत नाही म्हणून क्वचितच. ते रडते अचानक झालेल्या मिट्ट अंधाराने, शेजारच्या कण्यावरून, म्हणजे आम्ही ध्वनिवर्धकांच्या उभ्या रांगेला कणा म्हणतो, आलेल्या आवाजाने, किंवा लघवी लागली आहे आणि आईला रांगेतून उठता येत नाही म्हणून. याचा अर्थ नाटकाइतकीच खुर्ची महत्त्वाची आहे. सहाव्या ते आठव्या रांगेत, वाटेच्या कडेची जागा घ्यावी. पहिल्या रांगेत मुलाला नटांच्या पायांखेरीज काही नीट दिसत नाही आणि मान दुखते, तर बाल्कनीतून चेहरेच दिसत नाहीत. बूट काढून खुर्चीत मांडी घालू द्यावी.

प्रयोगाच्या अर्धा तास आधी पोहोचावे. संगीत नाटकाच्या मंडळींना आदबीने विचारले तर बहुतेक वेळा ते मुलाला ऑर्गनजवळ जाऊ देतात. पायाने भाता मारायचा आणि हाताने पट्ट्या दाबायच्या हे ज्या मुलाने जवळून पाहिले, ते प्रयोग सुरू झाल्यावर आवाज कुठून येतो हे शोधत बसते आणि त्याचा पहिला अर्धा तास सुखाने जातो. तिसरी घंटा, धुपाचा वास, पडदा वर जाण्यापूर्वीची नांदी, हे सगळे मुद्रित गाण्यांच्या नाटकात नसते. या एका कारणासाठी माझे मत सौभद्राला आहे. मात्र बिंदुसरा वेळेबद्दल म्हणतात ते अगदी बरोबर आहे. वन्समोअर किती पडतील हे आम्हालाही आधी सांगता येत नाही आणि रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर मी स्वतः मुलाला आणणार नाही. दुपारचा असेल तरच विचार करावा.

बिंदुसरा (बीड)

पडद्यामागून यांनी खुर्चीचे सांगितले ते मान्य आहे. पण नीट पाहिले तर त्यांनी ऑर्गनचे कौतुक केले, नाटकाचे नाही. ऑर्गन पाहायचा असेल तर गावातल्या गायनाच्या क्लासात पेटी आहेच, भाता तिथेही हालतो. त्यासाठी तीन तास कशाला? आणि सौभद्रात घटोत्कच आहे, ही गोष्ट कोणीच काढली नाही. तो झोपलेल्या सुभद्रेला रात्रीच उचलून अरण्यात नेतो. ती जागी होते तेव्हा आसपास राक्षस असतो. बालनाट्यातली चेटकीण मुलांना हसवण्यासाठीच घडवलेली असते, तिचे नाक लांब असते आणि ती घसरून पडते. घटोत्कच हसवण्यासाठी नाही. घरापासून दूर, परक्या घरी मुक्काम, त्यात झोपेतून उचलून नेणारा राक्षस. त्या रात्री आपली मुलगी कोणाजवळ झोपणार हे आधी ठरवून ठेवा.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे आभार. आत्यांनी सांगितल्याप्रमाणे बालनाट्याच्या आयोजकांना दूरध्वनी करून विचारले. गाणी मुद्रित आहेत, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. हे ऐकल्यावर पत्नीचा आग्रह बराच मवाळ झाला. सौभद्राचा प्रयोग दुपारी साडेचारचा आहे, म्हणजे पडद्यामागून यांची अटही पूर्ण होते. सातव्या रांगेतील कडेच्या तीन जागा घेतल्या आहेत. नांदेडकरांचे म्हणणे मला पटते, पण सप्ताहातले भारूड तिने दोनदा पाहिले आहे, त्यामुळे तो पहिला अनुभव तिला आधीच मिळाला आहे असे मी धरतो.

बिंदुसरा, भाषेच्या बाबतीत आपले म्हणणे अंशतः खरे ठरले. काल रात्री मी तिला गोष्ट सांगितली. सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाची मुलगी, एवढे म्हटल्याबरोबर तिने विचारले, ‘मग त्यात लपायचं काय?’ आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न होणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे नाटकातली मूळ अडचणच तिच्यापर्यंत पोहोचली नाही. बलरामाला दुर्योधन मेहुणा म्हणून हवा होता, हे समजावण्यात पंधरा मिनिटे गेली. संन्याशाच्या वेषाचा भाग मात्र तिने पुन्हा सांगायला लावला.

मध्यंतरात ती कंटाळली आहे असे दिसले तर आम्ही उठू. तिकिटाचे पैसे गेले असे समजणार नाही. डब्यात धपाटे घेत आहोत, कारण मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभे राहण्यात वेळ जाऊ नये.

बिंदुसरा (बीड)

मुद्रित गाण्यांबद्दल मी हार मानतो, तो प्रयोग मीही घेतला नसता. पण घटोत्कचाचे मुलीला आधी सांगून ठेवावे. राक्षस येणार आहे, तो भीमाचा मुलगा आहे, सुभद्रेला काही होणार नाही आणि शेवटी सगळे नीट होते, एवढे तरी.

दुधनाकाठ (सेलू)

भीमाचा मुलगा आहे एवढे सांगेन. शेवट सांगणार नाही.